अंगावरची चरबी आणि बाईची पाळी

आपल्या वस्त्यांमधून बाईच्या अंगाविषयी दोनच शेरे ऐकू येतात. बारीक असेल तर, "काय वाळून काटकी झालीस, सासरी खायला घालत नाहीत का?" आणि लग्नानंतर चार-पाच वर्षांत अंग भरले, की "सासर मानवलं हो!" पहिल्या शेऱ्यात कीव आहे, दुसऱ्यात कौतुक. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी दिवस काढले, त्याला अंगावरचे मांस म्हणजे सुबत्ता वाटावी यात नवल नाही. परंतु याच बाईची पाळी तीन-तीन महिने चुकू लागली, किंवा आली की दहा-बारा दिवस थांबेना, तर त्याचा तिच्या अंगावरच्या चरबीशी काही संबंध असेल, असे घरात कोणाच्याच मनात येत नाही. कोणी म्हणते बाहेरचे काही झाले असेल, कोणी अंगारा आणायला सांगते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही हे चालते, हे लिहिताना आम्हाला वाईट वाटते, पण चालते हे खरे. मूल होत नसेल तर वांझपणाचा शिक्का ठरलेला. आणि शेवटी कोणत्या तरी खाजगी दवाखान्यात सल्ला मिळतो, "पिशवी काढून टाका."

विषय पाळीचा आहे म्हणून कोणी पान उलटू नये. विटाळ हा शब्द ज्यांच्या माथी हजारो वर्षे मारला गेला, त्यांनी तरी आपल्या घरातल्या बाईच्या पाळीला विटाळ म्हणू नये. हे पान भगिनींइतकेच बांधवांनीही वाचावे, अशी आमची विनंती आहे.

चरबी म्हणजे अंगावर चढलेले निव्वळ ओझे, अशी आपली समजूत असते. वैद्यकशास्त्रही बराच काळ साधारण तसेच मानत होते. चरबी म्हणजे कणगीतले धान्य. सुगीत भरायचे, टंचाईत काढून खायचे. कणगी स्वतःहून काही बोलते, असे कोणाला वाटत नव्हते. निरोगी तरुण बाईच्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबीचा असतो, पुरुषाच्या अंगात त्याहून बराच कमी. बाईला हा जादा साठा मिळाला तो गरोदरपणासाठी आणि बाळाला अंगावर पाजण्यासाठी. एक मूल नऊ महिने पोटात वाढवायला नेहमीच्या जेवणाखेरीज एकूण सुमारे ८० हजार कॅलरी लागतात, असा हिशेब आहे. ज्वारीच्या एका भाकरीत दोनशेच्या आसपास कॅलरी धरल्या, तर या झाल्या चारशे जादा भाकरी! एवढी शिल्लक घरात आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय शरीर गरोदरपणाचा खर्च काढत नाही. आपण हातात पैसा नसताना लग्नकार्य काढत नाही, तसेच.

पण शिल्लक किती आहे हे शरीराला कळते कसे? त्यासाठी हार्मोन्स म्हणजे काय ते थोडे पाहू. मराठीत त्यांना संप्रेरके म्हणतात. शरीरातल्या काही ग्रंथी थेट रक्तात आपला रस सोडतात, तो रक्ताबरोबर दूरच्या अवयवापर्यंत जातो आणि त्याला काय करायचे ते सांगतो. पाळीचा कारभार असाच चालतो. मेंदूच्या तळाच्या भागातून हुकूम सुटतो, तो वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीला मिळतो, ती बीजकोशांना निरोप धाडते. बीजकोश इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक तयार करतात आणि त्याने गर्भाशयाचे आतले अस्तर वाढते. महिन्याच्या मध्याला एक बीज सुटते. ते सुटल्यावरच प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक पुरेसे तयार होते आणि अस्तर सांभाळते. दिवस राहिले नाहीत तर दोन्ही संप्रेरके उतरतात, अस्तर गळते, पाळी येते. यात कुठेही अपवित्र असे काही नाही, आणि देवाचा कोपही नाही.

या साखळीत चरबीचा हात आहे, हे पक्के कळायला १९९४ साल उजाडावे लागले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी चरबीच्याच पेशींतून निघणाऱ्या एका संप्रेरकाचा शोध लावला. त्याला लेप्टिन हे नाव पडले. चरबी जास्त असली की रक्तात लेप्टिन जास्त, चरबी घटली की लेप्टिन कमी. कणगी किती भरली आहे याचा निरोप अशा रीतीने मेंदूला सतत मिळत राहतो. निरोप क्षीण झाला की मेंदू समजतो, दुष्काळ पडला. आणि तो बीजकोशांना पाठवायचा हुकूम आवरता घेतो. बीज सुटत नाही, इस्ट्रोजेन उतरते, पाळी बंद. ही बिघडलेल्या यंत्राची खूण नव्हे. हे शरीराने केलेले काटकसरीचे धोरण आहे.

अमेरिकेत २००४ साली हे प्रत्यक्ष तपासून पाहिले गेले. अति व्यायामाने किंवा कमी वजनाने पाळी गेलेल्या ८ बायकांना लेप्टिनची इंजेक्शने देण्यात आली. त्यांपैकी तिघींचे बीज सुटून पाळी आली. त्यांची शिल्लक वाढली नव्हती, फक्त शिल्लक आहे असा निरोप मेंदूला पोचला, तेवढ्यावर हे घडले.

लेप्टिन माहीत नव्हते तेव्हाही काही जाणत्यांना हे नाते दिसत होते. हार्वर्ड विद्यापीठाच्या रोझ फ्रिश यांनी जेनेट मॅकआर्थर यांच्यासह १९७४ साली असे मांडले की, मुलीला पहिली पाळी यायला तिच्या वजनात सुमारे १७ टक्के चरबी लागते आणि पाळी नियमित राहायला सुमारे २२ टक्के. हे आकडे नेमके सर्वांना लागू पडत नाहीत, हे पुढच्या संशोधकांनी दाखवले. मूळ गोष्ट मात्र टिकली. त्याहीपूर्वी युद्धाने हा धडा दिला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात, १९४४-४५ मध्ये, नाझींनी हॉलंडच्या पश्चिम भागाची रसद तोडली. शहरांतले माणशी रेशन दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेले. तिथल्या असंख्य बायकांची पाळी बंद पडली आणि नऊ महिन्यांनी जन्माला येणाऱ्या मुलांची संख्या एकदम घसरली. पुढे अन्न आले तशी पाळीही परतली.

कष्टकरी घरांनी नीट लक्षात घ्यावी अशी गोष्ट अॅन लाउक्स या अमेरिकन संशोधिकेने दाखवली. बाई हाडकुळी झाली तरच पाळी बिघडते असे नाही. खाणे आणि श्रम यांचा मेळ तुटला, तर अवघ्या पाच दिवसांत मेंदूकडून बीजकोशांना जाणारे निरोप मंदावू लागतात. सकाळी चहा-खारीवर घर सोडणारी, दिवसभर पाट्या उचलणारी किंवा चार घरची धुणीभांडी करणारी, आणि रात्री सगळ्यांचे झाल्यावर पातेल्यात उरेल ते खाणारी बाई घ्या. आरशात ती ठीक दिसेल, हिशेबात ती रोज तुटीत आहे. घरातल्या बाईने शेवटी जेवायचे ही रीत मोडायला पैसा लागत नाही. ताट बरोबर वाढून घेतले की झाले.

केंद्र सरकारच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे २१ टक्के प्रमाणापेक्षा रोड आढळल्या आणि सुमारे २३ टक्के प्रमाणापेक्षा जाड. निम्म्याहून जास्त जणींच्या अंगात रक्त कमी. म्हणजे रोडपणाची गोष्ट सांगून आम्ही थांबलो, तर तितक्याच भगिनींना सोडून दिल्यासारखे होईल. गावाकडची जाऊ रोड आणि मुंबई-पुण्याच्या चाळीतली जाऊ जाड, अशी घरे आपल्यात कितीतरी आहेत. दोघींची पाळी बिघडलेली असते, कारणे मात्र उलटी.

चरबी फार झाली की काय होते? तिच्या पेशी स्वतःच इस्ट्रोजेन बनवू लागतात. बाईच्या अंगात पुरुषी म्हणवली जाणारी संप्रेरकेही थोडी असतातच. चरबीतला अॅरोमाटेज नावाचा घटक त्यांचे इस्ट्रोजेन करतो. बीजकोशांकडून येणारे इस्ट्रोजेन महिनाभर चढते-उतरते, चरबीकडून येणारे मात्र सारखे ठिबकत राहते. बीज वेळेवर सुटत नाही आणि बीज सुटले नाही की प्रोजेस्टेरॉन नाही. गर्भाशयाचे अस्तर मग नुसते वाढत जाते. दोन-तीन महिने पाळी नाही आणि आली की धो-धो अंगावरून जाते, दुपटी पुरत नाहीत, ती याचमुळे. वर्षानुवर्षे असे चालले तर गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची भीती वाढते. तेव्हा "चुकली तर चुकली, तेवढाच त्रास कमी" असे म्हणून गप्प बसू नये. आणि मेंदूकडे जाणारा लेप्टिनचा निरोप? तो जाड बाईत भरपूर असतो, पण सतत ऐकून ऐकून मेंदू त्याला बहिरा होतो.

दुसरा घोटाळा इन्सुलिनचा. पोटाभोवती चरबी साठली की शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते, मग स्वादुपिंड ते अधिकाधिक सोडते. हे जादा इन्सुलिन बीजकोशांना चेतवते आणि ते पुरुषी संप्रेरके जास्त बनवू लागतात. हनुवटीवर, ओठावर केस येतात, चेहरा मुरमांनी भरतो, पाळी लांबते. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थॉल या डॉक्टरांनी १९३५ साली या दुखण्याचे वर्णन केले. आता सगळे त्याला पीसीओडी किंवा पीसीओएस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मूल होण्याच्या वयातल्या दर शंभर बायकांत ८ ते १३ जणींना ते असते. आपल्याकडे मुलीच्या चेहऱ्यावर केस आले की आई आधी स्थळाची काळजी करते. ती काळजी आम्ही समजू शकतो, पण पार्लरमध्ये दोरा फिरवून आतले इन्सुलिन उतरत नाही. मुलीला आधी दवाखाना दाखवावा.

"आमची मुलगी तर बारीक आहे, तिला कसे झाले?" असे अनेक आया विचारतात. याचे उत्तर आपल्या पुण्यातूनच मिळाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. दिसायला रोड आणि आतून चरबीदार, असे हे अंग. २००४ साली डॉ. याज्ञिकांनी लंडनचे डॉ. युडकिन यांच्याबरोबर स्वतःचीच मापे छापून दाखवली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, पण युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! गरोदरपणी आई अर्धपोटी राहिली तर बाळाचे अंग असे घडते, असे या संशोधकांचे म्हणणे आहे. आजीच्या पोटातली भूक नातीच्या पोटावर चरबी होऊन दिसावी, हा हिशेब आपल्या समाजाला काही नवा वाटू नये.

म्हणून आपल्याकडे नुसता काटा पाहून चालत नाही, कंबर मोजावी लागते. शिंप्याचा टेप घ्यावा, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजावे. भारतीय बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या वर असेल तर चरबी नको तिथे साठली आहे असे समजावे. वजनाचे म्हणाल तर पाच फूट उंचीच्या बाईला साधारण ४३ ते ५३ किलो योग्य.

वजन उतरवायचे म्हणजे चवळीची शेंग व्हायचे, असे मुळीच नाही. ६५ किलोच्या बाईने तीन-चार किलो उतरवले, तरी अनेकींची पाळी रुळावर येते. उपाशी राहून ते करू नये. सिद्धार्थ गौतमाने कठोर उपोषणाने देहाचा सापळा करून पाहिला, त्यातून काही साधत नाही हे ओळखले आणि सुजाताने दिलेली खीर घेतली, ही कथा आपल्या घरात लहान मुलांनाही ठाऊक आहे. उपासमारीने लेप्टिन घसरते आणि पाळी दुसऱ्या बाजूने बिघडते. पाव, खारी, बटर, वडे, गोड चहाचे पाच-सहा कप, बाटलीतली थंड पेये हे कमी करावे. डाळ, उसळ, अंडे, सुकट, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे वाढवावे. भाकरी चांगलीच, पण रेशनच्या गहू-तांदळापुढे ज्वारी महाग पडते हे आम्हालाही कळते. जमेल तेवढी खावी. रोज अर्धा-पाऊण तास झपझप चालावे. घरकामात दिवसभर उभे राहणे म्हणजे चालणे नव्हे.

पाळी जायच्या वयात चरबीचे काम आणखी बदलते. भारतीय बायकांची पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते. बीजकोश थकले की अंगातले इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीतूनच येते. जाड बाईला ते जास्त मिळते आणि तिला स्तनाच्या व गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा अंगावरून गेले, थेंबभर का असेना, तर त्याच आठवड्यात सरकारी रुग्णालय गाठावे. रोड बाईचे उलटे. तिच्याकडे चरबी नाही म्हणून इस्ट्रोजेनही नाही, आणि हाडे लवकर ठिसूळ होतात. मोरीत पाय घसरल्याचे निमित्त होते आणि खुबा मोडतो.

आता पिशवीविषयी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड भगिनींची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ साली उजेडात आले. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यांत १३ हजार ८०० हून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. त्यांत तिशी-पस्तिशीच्याही बायका होत्या. पाळीमुळे एक दिवस कामावर गेले नाही तर मुकादम खाडा लावतो, उचल फिटत नाही, फडावर संडास नाही, पाणी नाही. मग पाळीच नको, असे बाईला वाटायला लावणारी ही व्यवस्था आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणीतल्या बाळंतिणींच्या भरपगारी रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी विचारले होते ते हेच, की बाईच्या श्रमातून मालक फायदा घेतो, तर तिच्या शरीराचा भार त्याने का उचलू नये. उसाच्या फडात हा प्रश्न शंभर वर्षांनीही उभाच आहे.

या भगिनी बहुतेक रोड, कष्टाने झिजलेल्या. पिशवीबरोबर बीजकोशही काढले की इस्ट्रोजेनचा मुख्य झरा एका दिवसात आटतो, आणि चरबीचा दुसरा झरा तर त्यांच्याकडे आधीच नाही. पस्तिशीत साठीची हाडे होतात. बीजकोश ठेवले तरी ते लवकर थकण्याचा संभव असतो. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया कधीच करू नये असे आमचे म्हणणे नाही. कर्करोगात आणि काही मोठ्या गाठींत ती जीव वाचवते. पण नुसत्या बिघडलेल्या पाळीवर तो पहिला उपाय नव्हे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालणाऱ्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी अमलात आणाव्यात, असा आदेश दिला आहे.

पाळी बिघडली की दर वेळी चरबीच कारण असते असेही नाही. थायरॉईड असू शकतो. गर्भाशयाचा क्षयरोग असू शकतो, आणि दाटीवाटीच्या वस्त्यांतून तो विसरून चालत नाही, कारण त्यात वजनही उतरते आणि पाळीही जाते. अंगावर पाजणाऱ्या आईची पाळी थांबणे स्वाभाविक आहे, तीन महिन्यांचे अंतरा इंजेक्शन घेतले असेल तरीही. आणि मूल होत नसेल तर एकट्या बाईला दवाखान्यात फिरवू नये. अशा निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनेही काही उणे निघते, आणि त्याची पहिली तपासणी बाईच्या तपासणीपेक्षा सोपी व स्वस्त असते. बांधवांनी यात मान जाते असे समजू नये.

दवाखान्यात जाताना घरच्या कॅलेंडरवर पाळीच्या तारखा मांडून न्याव्यात: कधी आली, किती दिवस राहिली, दिवसाला किती पॅड किंवा कापडे लागली. वर्षभरात वजन वाढले की घटले तेही सांगावे. साधारणपणे रक्तातले हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड आणि सोनोग्राफी एवढ्याने बराच उलगडा होतो, आणि या तपासण्या सरकारी किंवा महानगरपालिकेच्या रुग्णालयात होतात. वस्तीतल्या आशा ताईला बरोबर न्यावे. कोणी पिशवी काढायचा कागद पुढे केला तर सही करण्याआधी विचारावे: गाठ आहे का, किती मोठी आहे, अस्तराचा तुकडा तपासला का, गोळ्यांनी किंवा तांबीसारख्या हार्मोनच्या साधनाने भागणार नाही का, आणि पिशवीबरोबर बीजकोशही काढणार आहात का? उत्तरे कागदावर लिहून मागावीत, आणि तो कागद घेऊन सरकारी रुग्णालयातल्या दुसऱ्या डॉक्टरला दाखवावा.